घळीचं मापटं

आमचे जावई भित्रे आहेत, आणि त्याच गुणावर त्यांना नाव मिळालं. हे मी पाठीमागे बोलत नाही, तोंडावरही सांगते. मुलीने पसंत करून त्यांना घरी आणलं, तेव्हा नेमका आमच्या स्वयंपाकघरातला दिवा गेला होता. हे स्टुलावर चढले आणि म्हणाले, "आई, जरा स्टूल धरता का?" गुडघ्याएवढं स्टूल! मी धरलं. नंतर मुलीला आत घेऊन विचारलं, "अगं, हाच सापडला का तुला?" ती म्हणाली, "आई, स्टूल धरायला सांगणारा माणूस पडत तरी नाही." प्रेमात पडलेल्या मुलीशी वाद कोण घालणार? मी गप्प बसले. गप्प बसणं मला सोसत नाही, म्हणून फार वेळ नाही बसले.

आमच्या गावाबाहेर डोंगरात एक घळ आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे, तळाशी नदी, आणि कड्याच्या अंगाने काढलेली पायवाट. कुठे लाकडी साकव, कुठे कातळात ठोकलेले लोखंडी गज. एका वळणावर तर पाऊल मावेल एवढीच कपार, आणि धरायला साखळी. लांबून लोक चालायला येतात. घळीच्या तोंडाशी ऑफिस, म्हणजे एक खोली, तिकिटाची खिडकी, खिळ्यांना टांगलेली हेल्मेटं आणि ओल्या दोरांचा वास. दाराबाहेर पाटी. लाल पाटी म्हणजे अवघड, पिवळी म्हणजे मध्यम, हिरवी म्हणजे सोपी, पोराबाळांसकट या.

पूर्वी ही पाटी तिथले दोरवाले, म्हणजे लोकांना दोर लावून आत नेणारे, ठरवायचे. सगळे माकडासारखे चपळ. त्यांना विचारावं तर सगळंच सोपं! त्यांच्या भरवशावर आत गेलेले लोक मध्येच साखळीला मिठी मारून बसायचे, आणि त्यांना सोडवून आणताना सगळ्यांच्या नाकी नऊ यायचे. शेवटी ऑफिसच्या साहेबांनी डोकं लढवलं. खिडकीत तिकिटं फाडायला आमचे जावई होतेच. देह गुबगुबीत, चाल संथ, जिना उतरतानाही कठडा सोडायचा नाही. साहेब म्हणाले, "हा जाऊन आला तर कुणीही जाईल." झालं! हंगाम सुरू व्हायच्या आधी, पाणी ओसरलं की पहिल्यांदा जावई आत. बाहेर आले की साहेब त्यांच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास द्यायचे. सांडला तर पाटी लाल. नुसता हिंदकळला तर पिवळी. न हिंदकळता प्यायले तर हिरवी. हसू नका, अशीच पद्धत होती. धान्याचं मापटं असतं ना, तसे हे घळीचं मापटं झाले. लोक त्यांना हाकही तशीच मारू लागले.

पहिल्या वर्षी ते जवळजवळ रांगत बाहेर आले. चहा त्यांनी प्यायलाच नाही, सगळा शर्टाने प्यायला. मुलगी शर्टाचे डाग चोळत होती आणि मी पलीकडे बसून म्हणत होते, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस! अहो, तिथे बायका हसत खेळत जातात."

जावई म्हणाले, "जाऊ नये त्यांनी, आई. म्हणून तर पाटी लाल आहे."

मग वर्षं गेली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण यांची गेली. हंगामाआधी पाटी ठरवायला, मग साखळीचे खिळे बघायला, मग साकवाच्या फळ्या बदलायला, असं आतबाहेर करून करून पोट सपाट झालं आणि पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. चहा सांडायचा थांबला, नुसता हिंदकळायला लागला. पाटी पिवळी झाली. घळ होती तिथेच होती, बरं का! कपार बोटभरही रुंद झाली नव्हती. पण ते बघायला कोण बसलंय?

आणि या वर्षी जावयांनी चहा शांतपणे संपवला आणि वर दुसरा मागितला. साहेबांनी टाळ्या वाजवून हिरवी पाटी लावली. खिडकीपुढे रांग लागली.

संध्याकाळी जावई घरी आले ते तोंड पाडून. जेवताना म्हणाले, "आई, काहीतरी चुकतंय. मला आत भीतीच वाटली नाही."

"मग आता त्याचंही रडं का?"

"अहो, घळ आहे तशीच आहे. बदललो मी. साहेबांना हे सांगितलं, तर ते म्हणतात, चहा सांडला का? नाही ना? मग झालं तर." त्यांनी ताट बाजूला सारलं. "आता कुणी पडल्याशिवाय ती पाटी उतरणार नाही."

आम्हा बायकांचा सकाळी फिरायला जाणारा एक कंपू आहे. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाची साखर. पण हिरवी पाटी लागली म्हटल्यावर सगळ्यांच्या अंगात आलं. रविवारी जायचं ठरलं. जावयांनी मला हात जोडले. "आई, तुमच्या मैत्रिणींना थांबवा. तुमचं ऐकतील त्या."

"पाटी तुम्हीच हिरवी केलीत ना? मग आधी मी एकटी जाऊन येते. मला जमलं तर त्यांनाही जमेल." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

शनिवारी सकाळी डोक्यावर हेल्मेट चढवून मी निघाले. जावई मागोमाग आले, म्हणे खिळे तपासायचेत. हातात छोटी हातोडी. प्रत्येक खिळ्यावर टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे. मध्येच थांबून नदीकडे बघायचे. "पाणी गढूळ दिसलं की लगेच मागे फिरायचं, आई. वर कुठेतरी पाऊस झालेला असतो."

"स्वच्छ आहे हो. तुमच्यापेक्षा नदीला धीर जास्त आहे." साकव ओलांडेपर्यंत माझी टकळी चालू होती.

मग ती कपार आली.

एक पाऊल टाकलं. खाली नदीचा आवाज एकदम मोठा झाला. दुसरं पाऊल पुढे जाईना, आणि पहिलं मागेही येईना. पाचावर धारण बसली माझी! हात साखळीला असे चिकटले की बोटं पांढरी पडली. आणि जीभ, जी आयुष्यात कधी थांबली नाही, ती टाळ्यालाच चिकटून बसली. मला वाटलं, संपलं. मुलीचं तोंड डोळ्यांसमोर आलं.

जावई माझ्या अगदी मागे येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "आई, रडायचं असेल तर इथेच रडून घ्या. पुढे जागा नाही."

मी त्यांच्याकडे मान वळवून बघितलं.

"मी दर वर्षी इथेच रडायचो," ते म्हणाले.

मग मी रडले. मोठ्याने रडले, लहान मूल रडतं तशी, नाक गळेपर्यंत. त्यांनी घाई केली नाही.

"आणि यंदा?" मी हुंदके देत विचारलं.

"यंदा ही जागा कधी मागे गेली ते कळलंच नाही."

रडणं आवरल्यावर ते म्हणाले, "आता खाली बघा."

"अहो, सगळे म्हणतात खाली बघू नका!"

"मग पाय कुठे ठेवणार? पायापुरतंच बघा. नदी माझ्याकडे सोडा." आणि माझ्या चपलेला, म्हणजे बुटाला, बाहेरच्या अंगाने त्यांनी स्वतःचा बूट टेकवला. मी पाऊल उचललं की त्यांचं पाऊल पुढे, मग माझं. त्यांची अर्धी टाच कपारीच्या बाहेर होती. तशी आम्ही दोघांनी ती कपार पार केली.

बाहेर आलो तर दारातच साहेब उभे. कंपूतल्या दोघी निकाल ऐकायला आलेल्या. तिकिटाच्या रांगेत लेकरं कडेवर घेतलेले लोक. साहेबांना गंमत सुचली. त्यांनी काठोकाठ भरलेला ग्लास माझ्यापुढे धरला. "काय मावशी, सोपी आहे ना?"

मला चहा नको म्हणता आलं असतं. ग्लास टेबलावर ठेवा म्हणता आलं असतं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या सांडलेल्या चहावर मी हसले, तो माणूस शेजारी उभा होता. माझे हात अजून कापत होते. कंपूतल्या दोघी बघत होत्या. मेलं, लाज वाटत होती मला!

मी ग्लास घेतला आणि चांगला छातीपुढे धरला, सगळ्यांना दिसेल असा. चहा मनगटावरून कोपरापर्यंत गेला आणि तिथून साहेबांच्या बुटांवर.

"फार सोपी आहे," मी म्हटलं. "बघा ना."

रांगेतल्या एका बाईने लेकरू घट्ट धरलं आणि ती रांगेतून बाहेर पडली. मग दुसरी. साहेब बूट झटकत म्हणाले, "पण मावशी, तुम्ही काही आमचं मापटं नाही."

"आजपासून आहे."

रांग पातळ होत चाललेली बघून साहेबांनी हुज्जत घातली नाही. जावयांनीच हिरवी पाटी उतरवली आणि लाल लावली.

तर अशी मला या वयात नोकरी लागली. बिनपगारी आहे, पण मान आहे. जावई खिडकीत परत गेले. माणूस धीट झाला म्हणून त्याचं काम गेलं, असं आमच्याच गावात होऊ शकतं. पुढच्या हंगामाला पाणी ओसरलं तेव्हा दोन दोरवाले बरोबर घेऊन मी पहिली आत गेले. कपारीपाशी थांबले, रडून घेतलं, पुढे निघाले.

बाहेर आले तेव्हा ऑफिसच्या टेबलावर चहाचे दोन ग्लास होते. एक काठोकाठ भरलेला, माझा. दुसरा जावयांचा, अर्धा. उरलेला, माझी वाट बघता बघता, त्यांच्या शर्टावर सांडला होता.

 घरी आल्यावर मुलगी शर्ट भिजत घालायला निघाली, तेव्हा तिच्या हातून घेतला. म्हटलं, दे इकडे, आज मी धुते.