मुस्तीला आधी कोण सांगतं

आर्वो लाम्पिनेनला एका मांजरीचा हेवा वाटायचा. ही काही मी चोरून काढलेली बातमी नाही. तो स्वतःच गल्लीभर सांगत फिरायचा, फक्त हेवा हा शब्द वापरायचा नाही. ‘ती बया’, ‘ती लोकरीची गुंडी’, ‘हेल्मीच्या सामानातली ती’ असं काहीतरी म्हणायचा. मांजरीला नाव होतं, प्रिन्सेस. पण लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी ते नाव त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

कॅनडातल्या थंडर बेमध्ये त्याचं आणि माझं घर शेजारी-शेजारी आहे. तो कागदाच्या गिरणीतून फिटर म्हणून निवृत्त झाला आणि काही वर्षांनी मी त्याच गिरणीत लागले, कंट्रोल रूममध्ये. तोवर आर्वोच्या कानाच्या गोष्टी होऊन बसल्या होत्या. चालत्या यंत्रावर तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचा, त्याचीच मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. मग सांगायचा, हे बेअरिंग अजून आठवडा काढेल, ते पलीकडचं आजच जाईल. आणि जायचं. आता आम्ही पडद्यावर थरथरीचे आलेख बघतो. तरी एखादं यंत्र रुसलं की कोणी ना कोणी म्हणतंच, आर्वोचा कान हवा होता.

माणसांचं ऐकायला मात्र त्याला फारसं आवडत नसे. साठी उलटेपर्यंत एकटा राहिला. घरात तो आणि मुस्ती. मुस्ती काळाभोर, छातीवर पांढरा ठिपका असलेला शिकारी कुत्रा. पानं गळायला लागली की दोघं रानतित्तरांच्या मागे जंगलात जायचे. एरवी आर्वोचा ट्रक कोपऱ्यावर वळला रे वळला की मुस्ती फाटकाशी हजर. आपल्यासाठी जगात एक तरी जीव उठून उभा राहतो, असं आर्वो म्हणायचा, आणि ते म्हणताना त्याचा नेहमीचा खवचटपणा कुठेतरी जायचा.

मग तो हेल्मीच्या प्रेमात पडला. हेल्मी विधवा, फिनिश मंडळींच्या हॉलमध्ये शनिवारी वेलदोड्याचा गोड पाव भाजणारी. लग्न ठरताना दोघांत एकच अट झाली. कुत्र्याचं आणि मांजरीचं जमलं नाही, तर मांजर हेल्मीच्या मुलीकडे सडबरीला जाईल. हेल्मीने लगेच हो म्हटलं. आर्वोला वाटलं, झालं काम.

हेल्मीने सगळं रीतसर केलं. मांजर शिवणाच्या खोलीत, दार बंद. वासाची सवय व्हावी म्हणून मांजरीची चादर मुस्तीच्या गादीवर आणि मुस्तीची मांजरीच्या टोपलीत. दोघांच्या ताटल्या एकाच दाराच्या दोन बाजूंना. असे काही आठवडे गेले. दार उघडायचा दिवस आला तेव्हा आर्वो समोर खुर्ची टाकून, हातात कॉफी घेऊन बसला होता. मुस्ती आत गेला, त्याने मांजरीला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं आणि धप्पकन तिच्या शेजारी आडवा झाला. मांजर त्याचा कान चाटायला लागली. हेल्मी अजून सांगते, तिकीट काढून जावं आणि खेळच रद्द व्हावा, तसा आर्वोचा चेहरा झाला होता.

पहिलं वर्ष त्याने दातओठ खात काढलं. तळ्यावरून मासा आणला की तो मुस्तीसाठी असायचा. हेल्मी त्याचे दोन वाटे करायची, आणि कोणाचा वाटा मोठा हे आर्वो वाकून बघायचा. त्याने मुस्तीची गादी आपल्या पलंगाशेजारी आणली. सकाळी गादी रिकामी आणि मुस्ती शिवणाच्या खोलीत, मांजर त्याच्या पोटाशी. त्याने सॉसेजची लालूच दाखवली, ट्रकमधून फिरवून आणलं, नवा पट्टा घेतला. मुस्ती सगळं आनंदाने घ्यायचा आणि परत मांजरीपाशी जायचा.

दुसऱ्या वर्षी गोष्टी आणखी बिघडल्या. आर्वोने हाक मारली की मुस्ती येईनासा झाला. आधी तो मांजरीकडे बघायचा. ती उठली तर हा उठायचा, ती बसून राहिली तर हाही बसून. फाटकाशी आता मांजर पुढे असायची, शेपटी वर करून, आणि मागून मुस्ती, पाहुण्यासारखा. हे सगळं आर्वो मला कुंपणावरून ऐकवायचा.

“हिशेब सरळ आहे, पोरी,” तो म्हणायचा. “मालक बदलला. मला फक्त कळवायचं राहून गेलं.”

मी हसायचे. त्याला हसू येत नसे.

हेल्मीने एकदा सुचवलं होतं की मुस्ती म्हातारा झालाय, त्याला डॉक्टरला दाखवून आणू. आर्वोने ऐकून घेतलं नाही. मांजरीवर बोलणं आलं की ही कुत्र्याच्या वयावर नेते, असं त्याचं म्हणणं.

त्या शरदात तो आणि त्याचा जुना मित्र ओन्नी शिकारीला गेले. ओन्नीची गावाबाहेर शेती आहे, गुरं आहेत, आणि जीभ धारदार आहे. जंगलात मुस्ती पुढे गेला तो गेलाच. आर्वोने शिट्टी घातली, हाका मारल्या. मुस्ती झाडीत उभा राहून इकडेतिकडे बघत राहिला आणि शेवटी वाट हुंगत ट्रककडे परत आला. तित्तर डोक्यावरून उडून गेलं.

शनिवारी दोघं ओन्नीच्या सौनात बसले होते. ओन्नीने तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं आणि वाफ वर चढल्यावर विषय काढला.

“पुढच्या खेपेला मांजरीला पण आण लेका,” तो म्हणाला. “ती शिकार करेल, मुस्ती तिची पिशवी धरेल. तू घरी थांबून हेल्मीला पाव मळू लाग.”

आर्वोने वरच्या फळीवर बसून कपाळावरचा घाम निपटला. मग म्हणाला, “तुझ्या गोठ्यात उंदीर झालेत म्हणत होतास ना?”

ओन्नीला अर्थ कळला. त्याने विचारलं, हेल्मीला काय सांगशील? आर्वो म्हणाला, गेली म्हणून सांगेन, मांजरं जातात. ओन्नी म्हणतो, तेव्हाच त्याला नाही म्हणायला हवं होतं, पण उंदीर खरंच फार झाले होते.

पुढच्या आठवड्यात हेल्मी नातवाच्या बारशाला बसने सडबरीला गेली. ती परतायच्या आदल्या दिवशी सकाळी आर्वोने माशाचा तुकडा टाकून मांजरीला पेटीत घेतलं आणि ओन्नीच्या गोठ्यात नेऊन सोडलं. पेटी उघडताच ती गवताच्या माळ्यावर चढून दिसेनाशी झाली. आर्वो शीळ घालत घरी निघाला. आज फाटकाशी फक्त मुस्ती असणार होता.

फाटकाशी कोणी नव्हतं.

त्याने ट्रकचं दार आपटलं. हाक मारली. घरात शिरला. मुस्ती स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून पडला होता, जागा होता, डोळे शिवणाच्या खोलीकडे. आर्वोने दारातूनच त्याचं नाव घेतलं. शेपटीचं टोकसुद्धा हललं नाही. रुसलाय, आर्वोच्या मनात आलं, तिच्यासाठी माझ्यावर रुसलाय. तो इतका चिडला की ओट्यावरची कढई उचलून त्याने तिच्या बुडावर डाव हाणला.

मुस्ती ढिम्म.

आर्वोने मला पुढे सांगितलं की तेव्हा त्याच्यातला फिटर जागा झाला. यंत्र बंद पडलं की आपण त्याला शिव्या देत नाही, एकेक भाग सोडवून बघतो. तो मुस्तीच्या पाठीमागे, त्याला सावलीही दिसणार नाही असा उभा राहिला आणि टाळी वाजवली. आधी डाव्या कानामागे, मग उजव्या. शिकारीची शिट्टी वाजवली. काही नाही. मग त्याने टाच उचलून लाकडी जमिनीवर जोरात आपटली.

मुस्ती ताडकन उठला, वळला, आणि आर्वोला बघून असा काही नाचला की त्याची नखं जमिनीवर घसरली. अंगावर उड्या मारल्या, तोंड चाटलं, रडल्यासारखा आवाज काढला.

आर्वो तिथेच जमिनीवर बसला. तो शहाणा माणूस आहे, बाकीचं त्याचं त्यालाच जुळवता आलं. मुस्तीला ऐकू येत नव्हतं. केव्हापासून, देव जाणे. ट्रक कोपऱ्यावर वळला की मांजरीचे कान टवकारायचे, ती उठायची, आणि तिला बघून मुस्तीला कळायचं की आर्वो आला. हाक मारली की तो मांजरीकडे बघायचा, कारण हाक मारली हे त्याला तिच्याकडूनच कळायचं. जंगलात ती नव्हती. तो मालक विसरला नव्हता. मालकाचा निरोप्या गोठ्यात सोडून आर्वो शीळ घालत घरी आला होता.

असं असूनही त्याच्या मनात पहिली गोष्ट काय आली, तेही त्याने मला सांगितलं. ‘म्हणजे इतके दिवस मी आल्याचा आनंद मुस्तीला ती बया वाटून देत होती.’

तो मुस्तीला ट्रकमध्ये घालून परत ओन्नीकडे गेला. गोठ्यात मांजरीचा पत्ता नव्हता. ओन्नी गवत पसरण्याचा काटा हातात घेऊन दारात उभा. आर्वोने आधी जिभेने च्च च्च केलं, मग मासा दाखवला. वर काही हललं नाही.

“नावाने हाक मार की,” ओन्नी म्हणाला. “नाव आहे ना तिला?”

आर्वोने मासा आणखी उंच धरला.

“बायको उद्या येतेय तुझी.”

मग सत्तरीला टेकलेल्या, सहा फुटी, गिरणीत अख्खा जन्म काढलेल्या त्या माणसाने माळ्याकडे तोंड करून हाक मारली. प्रिन्सेस. आधी खाकरल्यासारखी, मग मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. ओन्नी म्हणतो, गायींनी चारा खायचा थांबवून त्याच्याकडे बघितलं. मांजर आली नाही.

शेवटी मुस्तीच ट्रकमधून उतरून आत आला, हुंगत माळ्याच्या शिडीखाली गेला आणि बसला. भुंकला नाही, काही नाही. थोड्या वेळाने गवत सरकलं, मांजर शिडीवरून उतरली, आर्वोच्या हातातल्या माशाजवळून गेली आणि मुस्तीच्या हनुवटीला डोकं घासू लागली.

“तिने तुला विचारलंही नाही रे,” ओन्नी म्हणाला.

“दिसलं मला,” आर्वो म्हणाला.

हेल्मी दुसऱ्या दिवशी आली. कोट काढायच्या आधी तिने मांजरीला उचललं आणि तिच्या पोटाखालून वाळल्या गवताची काडी काढली. ती दिव्याकडे धरून बघितली. आमच्या गल्लीत कोणाकडे गुरांचं वाळलं गवत नाही.

“मुस्ती बहिरा झालाय,” आर्वो म्हणाला.

“मी म्हटलं होतं, त्याला दाखवून आणू.”

“मला वाटलं तू तिची बाजू घेतेयस.”

“घेतच होते,” हेल्मी म्हणाली. “त्याचीही घेत होते. तुझीही. तू आपला एकटा पलीकडच्या संघात जाऊन बसलास.” मग तिने काडी त्याच्या शर्टाच्या खिशात खोचली. “पुन्हा ही कुठे गेली, तर मीही जाईन. मांजरं जातात म्हणे.”

म्हणजे ओन्नीने फोन केला होता. आर्वो अजून त्याबद्दल ओन्नीला बोलतो.

मांजर राहिली. पण आर्वोचा जीव थंड झाला असं कोणी समजू नये. मी त्याला सांगितलं, कंप देणारा पट्टा मिळतो, कुत्र्याच्या गळ्यात घालायचा, इथून बटण दाबलं की त्याला कळतं. त्याने विचार केला आणि म्हणाला, “बटण हेल्मीही दाबेल.”

त्याने लाकूड आणलं. ट्रक उभा करतो तिथपासून व्हरांड्यातल्या मुस्तीच्या जागेपर्यंत फळ्यांची पायवाट घातली, सगळ्या एकाच लांब तुळईवर ठोकलेल्या. मी फळ्या धरायला गेले होते. मधे सांधा नको, सांध्यात थरथर मरते, तो मला बजावत होता. आमच्या गिरणीतल्या कुठल्या यंत्राखाली इतकं मन लावून कोणी पाया घातला असेल, असं मला वाटत नाही. काम झाल्यावर त्याने स्क्रूड्रायव्हर काढला, टोक मुस्तीच्या गादीखालच्या फळीवर टेकवलं, मूठ कानामागे लावली आणि मला ट्रकपासून चालत यायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं. मग मान हलवली. पोचतंय.

पण ट्रकचा आवाज पावलांच्या आधी येतो. गाडी कोपऱ्यावर वळते तेव्हाच मांजर उठते, शेपटी मुस्तीच्या नाकावरून फिरवते, आणि आर्वोचा पाय फळीवर पडायच्या आत मुस्ती उभा असतो. रोज. आर्वो फाटकातून येतो, मुस्तीला कुरवाळतो, आणि मांजरीकडे असं बघतो, जसं बुद्धिबळात हरलेला माणूस जिंकलेल्याकडे बघतो. तिला माशाचा वाटा मात्र आता तो स्वतः देतो. मोठा देतो की नाही, ते मी विचारलेलं नाही.

परवा संध्याकाळी मी अंगणात होते. आर्वो पायी येताना दिसला. ट्रक कुठे म्हणून बघितलं, तर तो चर्चपाशी उभा करून आला होता. फाटकाची कडी वाजू नये म्हणून ती त्याने दोन्ही हातांनी उचलली. फळीवर पाय ठेवला आणि दाणकन आपटला.

मुस्तीने मान वर केली, उठला आणि फळ्यांवरून धावत सुटला. एकटा. आर्वो गुडघ्यांवर बसला, आणि बराच वेळ कुत्रा कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो ते दिसेना.

नंतर तो कुंपणापाशी आला. शर्टभर केस, डोळे ओले.

“झोपली होती,” तो मला म्हणाला, आणि व्हरांड्याकडे एक नजर टाकून त्याने आवाज खाली आणला, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. “प्रिन्सेस. गाढ झोपली होती.”