लिव्हीनमावशींचा खाका

लिव्हीनमावशी चाळीस वर्षं एकाच खिडकीशी बसल्या. ब्रुजमधल्या आमच्या चित्रशाळेतून जेवढ्या माता मेरी बाहेर पडल्या, त्या सगळ्यांना पहिला आकार त्यांच्या हातून मिळाला. सुईनं टोचलेला कागदी खाका लाकडी फळीवर धरायचा, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर आपटायची, कागद उचलला की फळीवर ठिपक्याठिपक्यांची आई आणि कडेवर बाळ. पुढचं रंगकाम आमचा मालक योस करायचा. मी शेजारी रंग घोटायचे आणि मावशींची बोलणी खायचे.

"हळू घोट गं, बाळ झोपलंय."

"मावशी, ते अजून कागदावर आहे."

"म्हणून काय त्याला कान नाहीत?"

खाका इतका जुना, की दोन्हीकडून काळाठिक्कर. सुलट-उलट डोळ्यांना कळायचंच नाही. सुई जिथून बाहेर पडते ती उलट बाजू खरखरीत. मावशी बोट फिरवून ओळखायच्या. त्या हिवाळ्यात त्यांची बोटं बधिर झाली. तापलेल्या शेगडीवर हात टेकला आणि त्यांनी तो उचललाच नाही, तेव्हा मला कळलं.

"योसला बोललीस तर याद राख," त्या म्हणाल्या. "हात थरथरला म्हणून गेल्या साली त्यानं म्हाताऱ्या हुब्रेख्तला घरी बसवलं. मला तर घरही नाही. ही खिडकी गेली की मी रस्त्यावर."

मी बोलले नाही.

मग पिंपं बनवणाऱ्याची विधवा, पिरिनबाई, जोडचित्र काढायला सांगून गेल्या. पुस्तकासारख्या मिटणाऱ्या दोन फळ्या: डावीकडे मेरी, उजवीकडे हात जोडलेल्या स्वतः पिरिनबाई. एकट्या चित्रात मेरी कुठेही वळलेली चालते, खाका आम्ही मुद्दामही उलटा करतो. जोडचित्रात मात्र तिनं भक्ताकडेच बघायला हवं.

फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणाच्या आठवडाभर आधी पिरिनबाई चेहरा काढून घ्यायला आल्या, खुर्चीवर बसल्या. योसनं रंगवून झालेली मेरी डावीकडे मांडली, कोरी फळी उजवीकडे. बाई बघत राहिल्या.

"मालक, हिनं माझ्याकडे पाठ का केलीय? मी काय केलं हिचं?"

योसचा चेहरा उतरला. तो गर्रकन माझ्याकडे वळला. "खाका तू धरलास?"

माझ्या तोंडून हो निघणारच होतं.

"तिच्यावर काय डोळे वटारतोस?" खिडकीतून आवाज आला. "मी धरला. बोटं मेलीत माझी, नोव्हेंबरातल्या मार्टिनच्या सणापासून. उलट-सुलट कळत नाही."

"आणि हे तू आत्ता सांगतेस, मावशी?"

"तू विचारलंस कधी?"

मग मावशीच म्हणाल्या, "फळ्या बदल. बाईंना डावीकडे घे, तोंड उजवीकडे. अजून काढलंय कुठं त्यांना?"

"डावीकडे? अगं, ती मेरीच्या उजव्या हाताची, मानाची जागा. तिथं नवरा बसतो! एकटी बाई तिथं बसवली तर गाव काय म्हणेल?"

पिरिनबाई खो खो हसल्या. "माझा नवरा तीस वर्षं मानाच्या जागी बसला हो. हात जोडलेले मी एकदा नाही बघितले, बिअरचा पेला तेवढा सुटायचा नाही. गावाला म्हणावं, मला विचारा. फिरवा ती खुर्ची!"

खुर्ची फिरली. दुपार उतरेपर्यंत बाई मान ताठ करून बसल्या. अधूनमधून मेरीकडे बघायच्या. "आता कसं, समोरासमोर," असं काहीतरी पुटपुटायच्या, आणि योस ओरडायचा, "ओठ हलवू नका!"

त्या गेल्यावर योस खिडकीशी आला. मावशींनी कोळशाची पुरचुंडी एप्रनमध्ये गुंडाळून ठेवली होती.

"चालले मी," त्या म्हणाल्या. "एवढा पाव संपवते."

"बस खाली. पंधरा दिवस मी तो चेहरा रंगवला. शेजारी कुणाला बसवायचंय हे माझ्या तरी कुठं लक्षात आलं?" त्यानं खाका त्यांच्यापुढे टाकला. "सुलट बाजूच्या कोपऱ्यात लाल खूण कर. बोटं नाहीत, डोळे आहेत ना?"

"तुझ्यापेक्षा बरे आहेत," मावशी म्हणाल्या.

मी सुलट बाजू चाचपून दिली. मावशींनी कुंचला घेतला आणि ठसठशीत लाल फुली काढली. मग दुसऱ्या कोपऱ्यात. मग तिसऱ्या, चौथ्या. एक पुरली असती. मी आणखी लाल रंग घोटायला घेतला.