घरच्या प्रश्नाचे दहा गुण

आमच्या सात रस्त्याजवळच्या कॉलेजात आदिनाथ सर भौतिकशास्त्र शिकवतात. माणूस सरळ, पण डोक्यात सतत एखादा किडा वळवळत असतो. तोंडी परीक्षा बंद करून त्यांनी नवंच खूळ काढलं. घरातल्या न शिकलेल्या माणसाला एक धडा समजावून सांगायचा आणि ते मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायचं. समजावण्याचे दहा गुण, घरच्या माणसाने विचारलेल्या प्रश्नाचे दहा. त्या प्रश्नाचं उत्तर सर स्वतःच्या आवाजात पाठवायचे. दुसरा परीक्षक म्हणून सही माझी. मी त्यांची भरपूर टिंगल केली आहे.

एकदा चहा पिताना त्यांनी कारण सांगितलं. लहानपणी गावी, नातेपुत्याला, ते अभ्यास करत असले की आई, सोजरबाई, शेजारी बसून विचारायची, "आदू, ह्ये कसं रं हुतं?" त्यांना आदू म्हणणारी ती एकटीच. हे खेकसायचे, "तुला न्हाय कळायचं." आई गेली. तेव्हापासून कुणाचाही प्रश्न तसाच ठेवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. ते ऐकल्यावर मी टिंगल जरा कमी केली.

यंदा मैंदर्गी गावाहून येणाऱ्या भुवनेश्वरीचं रेकॉर्डिंग आलं. धडा होता, आवाजाला हवा लागते. काचेच्या हंडीतली हवा काढली की आतली घंटा हलताना दिसते, पण ऐकू येत नाही. आजी, चंद्रव्वा, मध्येमध्ये "हूं, हूं" करत होती. शेवटी तिने विचारलं, "जितं वाराच न्हाय, तितनं कुनी हाक मारली तर ऐकू येतंय काय?"

सर खूश झाले. मला मात्र घाम फुटला. चंद्रव्वा वारली म्हणून भुवनेश्वरीने गेल्या वर्षी माझ्याकडूनच रजा घेतली होती.

भर दुपारी आम्ही तिला प्रयोगशाळेत बोलावलं. ती रडकुंडीला आली. "घरात न शिकलेली आज्जीच एक हुती, सर. तिचे जुने व्हॉइस मेसेज एका ॲपमध्ये घालून आवाज बनवला. मी टाइप करीन तेवढंच बोलतंय त्ये." मग हळूच म्हणाली, "पण त्यो प्रश्न मी टाइप केलेला न्हाय."

"शून्य," मी म्हणालो. शून्य म्हणजे ती नापास, वर्ष वाया. वाईट वाटलं, पण खोटं ते खोटं.

सरांनी तिच्या लॅपटॉपवर ते पुन्हा चालवायला लावलं. टाइप केलेलं मी स्वतः वाचलं. नुसते हुंकार, प्रश्न कुठेच नव्हता. आवाज "हूं, हूं" करून थांबला. आणि मग तोच प्रश्न आला. मी उठून पंखा बंद केला, का ते मलाही माहीत नाही.

सर लॅपटॉपपुढे वाकले आणि वर्गातली भाषा सोडून बोलले, "शास्त्र न्हाय म्हंतंय. आवाजाला वारा लागतोच. पर मला ऐकू आलं."

कीबोर्डला कुणाचाच हात लागला नव्हता. मग चंद्रव्वाच्याच आवाजात शब्द आले.

"आता कळलं बग, आदू."

सरांनी कागद ओढला. समजावण्याला शून्य दिलं, कारण ऐकणारं माणूस तिने बनवलेलं होतं. प्रश्नाला दहा दिले. तेवढ्यावर ती पास होते. त्याखाली मी सही केली.

"सर, आदू कोण?" भुवनेश्वरीने विचारलं.

आदिनाथ सरांनी तेवढा एक प्रश्न तसाच ठेवला.