बिभीषणआबांची मूळव्याध

तेरखेड्याच्या बिभीषणआबांचा सगळा जन्म फटाक्यांच्या दारूत गेला. एकदा शेड पेटलं तेव्हा आत घुसून त्यांनी एका कामगाराला ओढून काढलं होतं. पण लेकीनं तपासायला थोडं रक्त मागितलं, तेव्हा हाच माणूस गोठ्यात जाऊन बसला.

लेक हर्षाली सोलापूरला लॅबमध्ये कामाला. माहेरी आली तेव्हा आईनं, अयोध्याबाईंनी, गाऱ्हाणं मांडलं होतं. "रातभर उठत्यात गं लघवीला. मला डोळ्याला डोळा लागू देत न्हायत."

"वयानं व्हतंय," आबा म्हणाले.

"मग वय तपासू की, आबा," म्हणत हर्षालीनं गोठ्यातच सुई टोचली.

रक्तात पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या तपासणीचा, आकडा वाढलेला निघाला. एमआरआयमध्ये मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीवर बारीक डाग दिसला. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, "सुईनं तुकडे काढून तपासावे लागतील."

"कुठनं?"

डॉक्टरांनी जागा सांगितली. आबा उठून चपला शोधू लागले.

अयोध्याबाईंनी हाताला धरून बसवलं, पण गावाला काय सांगायचं? त्या जागेचं नाव पारावर कसं घ्यायचं? आबांनी मूळव्याध सांगायचं ठरवलं आणि तिथंच फसले. प्रोस्टेटबद्दल गावाला काही ठाऊक नव्हतं, मूळव्याधीत मात्र जो तो तज्ज्ञ. शेजारच्या सिताबाईंनी टोपलंभर सुरण आणून टाकला. येरमाळ्याचा व्याही ताकात कालवायची पूड घेऊन आला. हायवेवर पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या आयुबनं, त्यांच्या जिवलग दोस्तानं, स्कूटरची ट्यूब फुगवून आणली.

"बसा भाऊ, मखमल हाय निस्ती."

आबा चारचौघांत त्या ट्यूबवर बसले. वर "आराम पडला" असंही म्हणाले.

तपासणीच्या दिवशी जागा बधिर केली होती. स्प्रिंगवर सुटणारी सुई दर वेळी तड् करून वाजायची. फटाक्यांवर पोसलेला कान गप्प राहीना. "ह्यो दमट निघाला... हां, ह्यो बरा वाजला!"

"आबा, हसवू नका. हातात सुई आहे," डॉक्टर म्हणाले.

रिपोर्टमध्ये कॅन्सर आला. "पण लवकर सापडलाय, ग्रंथीच्या आतच आहे," डॉक्टरांनी समजावलं. "लघवीचा त्रास ग्रंथी वाढल्यामुळं. त्या निमित्तानं हा हाती लागला."

परतीच्या एसटीत आबा रिपोर्टची घडी घालत-उलगडत बसले. अयोध्याबाईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"लोकं बघत्यात."

"बघंनात का."

रेडिएशन घ्यायचं की ऑपरेशन, हे डॉक्टरांनी आबांवर सोडलं होतं. आबांनी पुण्याला रोबोनं होणारं ऑपरेशन निवडलं, पण तिथल्या सर्जनला विचारलंच, "मशीन एकटंच कापणार व्हय? लाईट गेली तर?"

"मशीन मीच चालवणार, आबा. लाईटची सोय आहे. पोटावर चार-सहा बारीक भोकं, बस्स."

तसंच झालं. दोन-तीन दिवसांत आबा घरी आले, लघवीची नळी आणि पिशवी धोतरात लपवून. आयुब भेटायला आला आणि त्याची नजर नेमकी पिशवीवर गेली.

"भाऊ, मूळव्याध मागं असती. पिशवी पुढं कशी?"

आबांनी धोतर सावरलं. अयोध्याबाई पदर तोंडाला लावून हसत आत पळाल्या. मग आबांनी सगळं सांगून टाकलं. आयुब हसला नाही. जवळ सरकून हळूच म्हणाला, "म्या बी रातचा लई उठतो. घरवाली मैमुना वैतागलीया."

"मग चल की!"

"नको भाऊ. भ्या वाटतंय."

नळी निघाली. पुढं काही आठवडे थेंब थेंब गळायचं. डॉक्टरांनी सांगितलेले आवळून धरायचे व्यायाम करताना आबा डोळे मिटून गंभीर बसायचे. घरातली सून देवाची आरती थांबवायची. सासरे ध्यानाला लागले, असा तिचा समज. हळूहळू गळणं थांबलं. पुढच्या तपासणीत पीएसए जवळजवळ शून्यावर आला. आबा खणखणीत झाले.

मग त्यांनी आयुबला मनगट धरून सोलापूरला नेलं. त्याची ग्रंथी नुसतीच वाढलेली निघाली, गोळ्यांवर भागलं. पण नंबर यायच्या आधी आबा दवाखान्याच्या बाकावर त्याला आपली कहाणी अशा खड्या आवाजात सांगत होते, की नर्स बाहेर आली. "आजोबा, जरा हळू."

समोरच्या बाकावरचा एक अनोळखी म्हातारा उठून आबांच्या शेजारी येऊन बसला.

"पाव्हणं," त्यानं कुजबुजत विचारलं, "त्यो रोबो लई मोठा असतो का वो?"