कडेचे अणू

माझी मुलगी अणू पाळते. खरं म्हणजे काही शेच, पण गावात मी तीन लाख सांगतो आणि चहा पाजणाऱ्याला दहा.

प्रयोगशाळेत ती लेझरच्या उजेडात एकेक अणू धरून ठेवते, दोन-दोन जवळ आणते आणि त्यांच्याकडून गणिताची एक पायरी करवून घेते. त्या पायरीला गेट म्हणतात. एकच जोडी असली की गेट अचूक. शेकडो जोड्या एकदम घेतल्या की चुका सुरू. त्या डिसेंबरात ती घरी आली ती हे दुखणं घेऊनच. शुक्रवारपर्यंत चूक सापडली नाही तर प्रयोगशाळेचे सर प्रयोग दुसऱ्या गटाला देणार होते. चार वर्षांचं काम. पोरगी इतकी वाळली की दाराच्या फटीतून आत-बाहेर करायची.

आमच्या द्राक्षबागेत तेव्हा घड बुडवणं चाललं होतं. सुरगाण्याहून मजुरीला आलेल्या बाया डब्यातल्या मणी फुगवायच्या औषधात एकेक घड बुडवतात. त्यांची मुकादमीण रोज सकाळी प्रत्येकीला एक घड बुडवायला लावते, थेंब कुठून गळतो ते बघते, कुणाला जास्त वेळ धरायला सांगते, मगच ओळ सुरू. एक दिवस घाई म्हणून ती तपासणी मी बंद केली. आणि कडेच्या ओळींवरच्या बायांचे घड निम्मे कोरडे राहिले.

मी डबे तपासत होतो. औषध सारखं, डबे सारखे.

"डब्यात काय बघता शेठ," मुकादमीण म्हणाली. "डबा काय सांगल? घडाला बघा."

मी डबा खाली ठेवून घड बघायला लागलो. माझ्याबरोबर बागेत आलेली मुलगी मात्र तिथेच बांधावर बसली आणि प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला फोन लावला. उजेड सगळीकडे सारखा पडतो हे तिने कॅमेऱ्यावर पाहिलं होतं. प्रत्येक अणूला किती पोचतो हे अणूवरच मोजलं नव्हतं. मैत्रिणीने दोन दिवस मोजलं. कडेच्या अणूंना उजेड कमी पडत होता, म्हणून त्यांचे गेट चुकत होते.

शुक्रवारी ती लॅपटॉपवर सरांशी बोलत होती आणि मी दाराआड उभा होतो, पाणी द्यायचं निमित्त करून.

"चूक माझीच आहे, सर," ती म्हणाली. "मी कॅमेऱ्यावर विश्वास ठेवला."

सरांनी दुरुस्तीला किती दिवस लागतील, एवढंच विचारलं. तिने मार्चपर्यंत सांगितलं. ते बरं म्हणाले; प्रयोग तिच्याकडेच राहिला.

लॅपटॉप मिटून ती जेवायला बसली. आता किती अणू नीट करायचे, मी विचारलं.

"सगळेच, पप्पा. एकेक करून."

आणि तिने दुसरी भाकरी मागितली.