खिळ्याखाली पंधरा मिनिटं

आमच्या ओसरीच्या खांबाला एक खिळा आहे. आलापल्लीकडून सायकलवर येणाऱ्या बिनडिग्रीच्या सुईवाल्या डॉक्टरने तो ठोकला होता, माझ्या नणंदेची सलाईन टांगायला. ताप, हुडहुडी, उलट्या. "अशक्तपणा आहे बाई, दोन बाटल्या लावतो," तो म्हणाला. दवाखान्याच्या माणसाने तिचं रक्त काचेवर नेलं होतं, पण रिपोर्टला आठवडा लागायचा. ती तिसऱ्या दिवशी गेली. मलेरियाचा रिपोर्ट आला तेव्हा आम्ही तेरवीच्या तयारीत होतो.

पुढे मी गावची आशा सेविका झाले. रक्ताच्या थेंबावर मलेरिया सांगणारं कार्ड हातात आलं तेव्हा सेवाबिवा नंतर, आधी तो सुईवालाच आठवला. तो सुई टोचून निघाला की मी मागोमाग त्या घरी पोचायची. कार्डावर दोन रेघा उमटल्या, मलेरिया ठरला, तो चुकला, की जिवाला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

एका दुपारी तो स्वतःच कुडकुडत ओसरीवर आला.

"दोन सुया घेतल्या बाई, फरक नाई पडून राह्यला. ते कार्ड लाव ना जरा. कोणाले सांगू नोको."

मी त्याला त्याच खांबाशी बसवलं. बोट गरजेपेक्षा जोरात टोचलं. मग पंधरा मिनिटं वाट बघायची. 'अशक्तपणा आहे, जा घरी,' एवढं म्हटलं असतं तरी माझा हिशोब मिटला असता. ते शब्द जिभेवर तयारच होते. दोन रेघा आल्या आणि मी कार्ड पदराखाली झाकलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. नणंद त्याच्याकडे अशीच बघायची.

पहिल्या गोळ्या रोग्याने आमच्यासमोर गिळायच्या, असा नियम. समोर किती जण असावेत, ते कुठे लिहिलेलं नाही. मी शेजारणींना हाका मारल्या. आतून सासूही आली.

पदराखालचं कार्ड आणि गोळ्या मी त्याच्या हातात ठेवल्या. "काय झालं ते सांगा डॉक्टर भाऊ, मंग पाणी देते."

त्याने गोळ्या मुठीत आवळल्या. म्हणाला, "मले मलेरिया झाला."

"अशक्तपणा नाई?"

"नाई."

सासू खांबाला टेकून उभी होती. तिने विचारलं, "अन् माह्या पोरीले?"

त्याने वर खिळ्याकडे पाहिलं.

"तिलेबी तोच होता, बाई."

मग मी पाण्याचा गिलास पुढे केला.