चौदा दिवसांची सावड

सप्टेंबरातल्या एका दुपारी सोनुबाई कर्णूक कर्जतच्या दहिवलीला माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि चपला काढायच्या आत म्हणाल्या, "बाई, पासपोर्टचा फारम तुमाला भरता येतो का?"

मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर लोक माझ्याकडे बँकेचे, गॅसचे, आधारचे फॉर्म घेऊन येतात, पण पासपोर्टचा कुणी आणला नव्हता. मी विचारलं, "कुठं निघालात?"

"मादागास्करला." नाव चुकू नये म्हणून त्यांनी ते सावकाश उच्चारलं. "सावड फेडायची हाय. चौदा दिसांची."

नसत्या चौकशा करण्याची मला खोड आहे, हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही चौकशी नसती नव्हती, कारण या प्रकरणात मीही अर्धीअधिक अडकलेली होते.

सोनुबाईंचं गाव पळसदरीच्या धरणापलीकडे. वय चोपन्न, शिक्षण चौथी. नवरा विठू घरची शेती बघतो, मुलगा स्वप्नील खोपोलीला कंपनीत आहे. खालापूरच्या बाजूला भातशेतीचं एक खासगी प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे त्या वीस वर्षं आवणीच्या मुकादम आहेत. आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात लावणं. किती रोपं एका जागी, किती खोल, किती अंतरावर, हे केंद्रातले साहेब फळ्यावर दाखवतात आणि सोनुबाई चिखलात. साहेबांचं लोक वहीत उतरवून घेतात, सोनुबाईंचं हातात राहतं.

जुलैमध्ये तिथे मादागास्करची चौदा माणसं आली. कुणी शेतकरी, कुणी तिकडच्या शेतीखात्यातली, पण घरची भातशेती सगळ्यांचीच. दोन्ही सरकारांमध्ये भातशेतीच्या मदतीचा करार व्हायचा होता, त्याच्या आधीचा हा महिनाभराचा मुक्काम. त्यांच्यासोबत दिल्लीच्या एका कार्यालयातून श्रद्धा नावाची तरुण अधिकारी आली होती, मूळची सांगलीची. पाहुण्यांना थोडं इंग्रजी येत होतं, सोनुबाईंना अजिबात नाही, म्हणून दुभाषी म्हणून मला बोलावणं आलं.

पहिल्या दिवशी स्वागत झालं. चौदा डोक्यांवर चौदा फेटे, लेझीम, तुतारी, आणि ओवाळायला सोनुबाईंना कुणाची तरी भाड्याची नऊवारी नेसवलेली. मला असला तमाशा बघवत नाही. मी श्रद्धाला तोंडावर विचारलं, "हे कशासाठी गं?"

ती रागावली नाही. "बाई, माझ्या विभागाचं कामच हे आहे. करार करणारे वेगळ्या मजल्यावर बसतात. ते सरकारशी बोलतात, आम्ही तिथल्या माणसांशी. आपल्या देशाबद्दल त्यांना आपुलकी वाटावी म्हणून."

"आणि हे दोन मजले एकमेकांशी बोलतात का?"

ती हसली. "लिफ्टमध्ये भेटलो तर."

आता त्या मुक्कामातल्या एका रविवारचं सांगते. महिनाभर दुसऱ्यांना शिकवण्यात सोनुबाईंचं स्वतःचं भाताचं खाचर मागे पडलं होतं. रोपं जून व्हायला लागली होती, अन् विठूची कंबर धरलेली. हे मी बोलता बोलता हांताला सांगितलं. हांता म्हणजे त्या गटाची म्होरकी, पन्नाशीची, बोलायला कमी आणि बघायला फार. रविवारी सकाळी केंद्राची गाडी सोनुबाईंच्या दारात, आणि चौदाच्या चौदा जण विजारी गुडघ्यावर दुमडून चिखलात. दुपारी तीनच्या आत शेवटची मूठ लागली. केंद्राच्या कागदात त्याची नोंद 'क्षेत्रभेट' अशी झाली.

सोनुबाईंच्या लेखी मात्र ती सावड होती. सावड शहरातल्या वाचकाला सांगावी लागते. आवणीच्या दिवसांत एका घराच्या हातांनी काम उरकत नाही. म्हणून आज तुम्ही माझ्या खाचरात या, उद्या मी तुमच्या. मजुरीचा विषय नाही, दिवसाला दिवस. ज्या घराने सावड फेडली नाही त्याच्या बांधावर पुढच्या वर्षी कुणी फिरकत नाही, आणि बायका विहिरीवर काय बोलतात ते निराळंच.

त्या दिवशी जेवायला भात, वालाचं बिरडं आणि सुकट होती. सगळी माणसं शेतात, चुलीकडे लक्ष कुणाचं? भात टोपाच्या तळाला चांगलाच लागला. पाहुण्यांसमोर करपलेलं भांडं नको म्हणून सोनुबाईंनी ते गुपचूप परसात नेऊन टाकलं. हांताने ते पाहिलं. ती उठली, टोप परत आणला, त्यात पाणी ओतून पुन्हा चुलीवर ठेवला. तांबूस पाणी उकळलं, तसे चौदाही जण ते फुंकून फुंकून प्यायले. त्यांच्याकडे घरोघरी जेवणावर हेच पितात म्हणे.

सोनुबाईंनी भीत भीत एक घोट घेतला. "ही तर आपल्या पेजंची भन हाय गं!"

मग त्यांनी मला सांगायला लावलं की ही सावड झाली, चौदा जणांची, आणि मी ती फेडणार. मी इंग्रजीत समजावलं. हांता जेवता जेवता थांबली. म्हणाली, "आमच्या गावातही हे आहे. आम्ही त्याला 'हाताला हाताचं उत्तर' म्हणतो."

"मंग तर फेडायलाच लागंल," सोनुबाई म्हणाल्या. "त्यांना कळतंय ना सगळं."

मी हसले होते. चांगल्या घरच्या बाईचं पाहुण्यांशी गोड बोलणं असेल, असं मला वाटलं. सप्टेंबरात त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा ते हसू आठवून मला माझीच लाज वाटली.

दरम्यान झालेल्या करारात एक कलम होतं. डिसेंबरात तिकडे आवणी असते, तेव्हा इथून तीन प्रशिक्षक पाठवायचे. सोनुबाईंना ते केंद्रात कळलं होतं. मी श्रद्धाला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"मावशी, यादी त्या दुसऱ्या मजल्यावर होते," ती कानकोंडी होऊन म्हणाली. "तज्ज्ञाला कृषीची पदवी लागते. तीन नावं गेलीसुद्धा. तिघंही चांगले आहेत."

"आसतील की. त्यांच्या शेतात रविवारी कोन राबलं व्हतं?"

मला राग आला आणि मी तो लपवला नाही. ओवाळायला सोनुबाई चालतात, मग कागदावर का चालत नाहीत, असं बरंच काही बोलले. सोनुबाईंनीच मला हाताने थांबवलं.

"पोरी, तुझं लगीन झालंय का गं?"

"नाही, मावशी."

"मंग आईक. सोयरीक जमवायची तर पडवीत बापे बोलनी करतात. मानपान, तारीख, सगळं. त्याच येळंला बायका मागच्या दारानं जातात. चूल बघतात, सासू कशी बोलती ते बघतात, शेजारनीला इचारतात. आन् मंग रातीला नवराबायको एकमेकांना सांगतात, तुला काय दिसलं, मला काय दिसलं. तवा हो म्हनायचं का नाय ते ठरतं. तुमच्याकडं पडवीतल्यांनी मागच्या दाराला इचारलंच नाय तर ती सोयरीक कशी गं टिकंल?"

"मावशी," श्रद्धा म्हणाली, "हे मी मीटिंगमध्ये बोलले तर चालेल?"

"बोल की. पर माझी सावड सांगायला इसरू नको."

आम्ही पासपोर्टचा फॉर्म भरून टाकला. पोलिसांनी घरी येऊन परदेशी जाण्याचं कारण विचारलं, तर सोनुबाईंनी सावडच सांगितली, आणि हवालदार कर्जतच्याच एका गावचा निघाला म्हणून त्याला कळलं. दिल्लीहून मात्र महिनाभर काही नाही. सोनुबाई दर आठवड्याला विचारायच्या आणि मी दर आठवड्याला नाही म्हणायचे. त्यांची झोप उडाली होती. गावात कुणी टोचलं नव्हतं, तरी त्या स्वतःच म्हणायच्या, "आमच्या घरानं आजवर कुनाची सावड ठेवली नाय."

नोव्हेंबरात श्रद्धाचा फोन आला. तिने दोन्ही मजल्यांना एका टेबलाशी बसवलं होतं, कसं ते देव जाणे. त्याच आठवड्यात तिकडच्या सरकारचं पत्र आलं, हांताने लिहवून घेतलेलं. यादीत एक बाई हवी, नाव सोनुबाई, ती आमचं काही देणं लागते आणि ते दुसऱ्या कुणाला फेडता येणार नाही. पदवीच्या अटीखाली 'किंवा दीर्घ अनुभवी शेतकरी' एवढे शब्द वाढले. सोनुबाई माझ्या ओट्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडले. त्यात लाजायचं काय?

पंधरा दिवस मुक्काम आणि सोळाव्या दिवशी विमान, असा दौरा होता. श्रद्धा सोबत होती. त्या परतल्यावर मी त्यांच्या गावी गेले ते प्रश्नांची पिशवी भरूनच. काय खाल्लं, कुठं झोपलात, माती कशी होती? माती तांबडी होती. भात तीन वेळा होता. पहिल्या दिवशी तिकडेही मांडव आणि हारतुरे होते. सोनुबाईंनी हार गळ्यातून काढून विचारलं, "खाचर कुनाचं हाय?" आणि उतरल्या. चौदा दिवस, चौदा जणांची खाचरं. चौदावं हांताचं.

"म्हणजे फिटली," मी म्हणाले. "सुटलात एकदाच्या."

सोनुबाईंनी माझ्याकडे, वर्गात एखाद्या मठ्ठ मुलीकडे मी बघायचे तसं बघितलं.

"पंधराव्या दिशी त्ये आमाला फिरायला नेनार व्हते. जंगल दाखवायला. मी नाय गेले. परत हांताच्या खाचरात उतरले."

"पण का? तिचा दिवस तर झाला होता!"

"हांतापन तेच म्हनली. वराडली माझ्यावर. मंग तिला कळलं, तशी कमरंवर हात ठिवून हसायला लागली, आन् मंग डोळं पुसायला लागली." सोनुबाईंनी सुपातले तांदूळ बाजूला ठेवले. "आवो बाई, सावड फिटली की संपली. कोन कुनाकडं कशाला येतंय? आता तिच्या अंगावर माझा एक दिस हाय."

श्रद्धाला त्या दौऱ्याचा अहवाल द्यायचा होता. शेवटी छापील प्रश्न होता, दौऱ्याचं उद्दिष्ट पूर्ण झालं का, होय किंवा नाही. तिने विमानातच सोनुबाईंना विचारलं होतं.

"नाय म्हनून लिही," सोनुबाई म्हणाल्या होत्या. "आन् हांताला जुलैची तारीख कळव."